झाडीपट्टीच्या मंडपात दिवे का रुसतात?

भाऊबीज आटोपते, बांध्यांमधील धानाची कापणी जोरात असते आणि गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. सासुरवाशिणी माहेरी येतात, पाहुण्यारावळ्यांनी घरे भरतात आणि रात्री गावालगतच्या मोकळ्या जागेवर उभारलेल्या मंडपात नाटकाचा पडदा उघडतो. साधारण दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पुष्कळदा पहाटेपर्यंत चालते. अंगावर चादरी-घोंगड्या घेऊन बसलेला प्रेक्षक शेवटच्या प्रवेशापर्यंत हलत नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळी ते होळी या काळात चालणारी ही झाडीपट्टी रंगभूमी. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर अर्जुनीच्या पुढे लागणारे वडसा, म्हणजेच गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, हे तिचे प्रमुख केंद्र मानले जाते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा विदर्भाबाहेरील अनेकांना तिचे नाव प्रथमच कळले.

या नाटकांविषयी बोलताना कलावंत, गायक, तबला-ऑर्गनची साथ यांची चर्चा होते. दिव्यांची सहसा होत नाही. वास्तविक गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा पालट तेथेच झाला आहे. गॅसबत्त्या गेल्या, त्यांच्या जागी हॅलोजन आणि डिमर आले. आता एलईडी पार लाइट आणि मान वळवणारे, किरणांचे झोत फेकणारे फिरते दिवे आले आहेत. एका इटालियन कंपनीने २०१० मध्ये अशा एका दिव्याला जे नाव दिले, त्यावरून आपल्याकडे या जातीच्या कोणत्याही दिव्याला सरसकट ‘शार्पी’ म्हणतात. हे सारे दिवे पूर्वीसारखे खटक्याने लागत नाहीत. त्यांना कन्सोलमधून, म्हणजे प्रकाशाच्या नियंत्रण फलकावरून, आकड्यांच्या भाषेत आज्ञा द्यावी लागते. ती आज्ञा वाटेत हरवली वा चुकीची ऐकली गेली की करुण प्रसंगी झोत गरगरू लागतात, निळ्या रात्रीऐवजी रंगमंच लालभडक होतो किंवा नायिकेच्या स्वगतावर अंधार पसरतो. प्रेक्षक दिवेवाल्याला बोल लावतात आणि दिवेवाला कन्सोलला. बहुतेक वेळा कन्सोल निर्दोष असतो.

शहरातील नाट्यगृहात तारा भिंतीतून कायमच्या गेलेल्या असतात. एकदा जुळणी झाली की वर्षानुवर्षे ती तशीच राहते. झाडीपट्टीत मात्र दुपारी ट्रक रिकामा होतो, सायंकाळपर्यंत दिवे टांगले जातात आणि पहाटे सर्व उतरवून मुक्काम हलतो. दररोज नवे गाव आणि दररोज नव्याने उभे केलेले जाळे. त्यात मंडप एकाचा, ध्वनियंत्रणा दुसऱ्याची, दिवे तिसऱ्याचे आणि कमी पडले म्हणून ऐनवेळी शेजारच्या गावातून आणलेले चार दिवे चौथ्याचे, असा प्रकार असू शकतो. प्रत्येकाची बनावट निराळी. म्हणूनच ‘काल तर चालत होते’ या वाक्याला येथे फारसा अर्थ उरत नाही.

दवंडी आणि तिचे ऐकणारे

कन्सोल आणि दिवे ज्या भाषेत बोलतात तिचे नाव डीएमएक्स ५१२. अमेरिकेतील रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये ठरवली. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा डिमर फक्त स्वतःच्याच फलकाचे ऐकत असे आणि भाड्याने सामान आणणाऱ्या नाटक कंपन्यांचे त्यात हाल होत. १९९० मध्ये या मानकात दुरुस्ती झाली. तिचे एक कारण गंमतीदार आहे. संदेशाच्या आरंभी ठेवलेली चार मायक्रोसेकंदांची विश्रांती अनेक यंत्रांना पकडता येत नव्हती, ती आठवर नेण्यात आली. सेकंदाच्या चार दशलक्षांश भागाने दोन कंपन्यांच्या उपकरणांचे जमेनासे झाले होते. २००४ मध्ये ही भाषा अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाली आणि आज जगभर तीच चालते.

तिची रीत गावातील दवंडीसारखी आहे. दवंडीवाला वेशीपासून ओरडत जातो. ज्याला जे लागू असेल ते त्याने ऐकावे. कन्सोल एका तारेवर ओळीने ५१२ आकडे उच्चारतो. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला साधारण ४४ वेळा. यातील प्रत्येक जागेला चॅनल आणि ५१२ चॅनलच्या संचाला युनिव्हर्स म्हणतात. प्रत्येक दिव्याला एक पत्ता दिलेला असतो. दिवा आकडे मोजत बसतो, स्वतःचा पत्ता आला की तेथून पुढचे आपल्यापुरते आकडे उचलतो आणि बाकीचे सोडून देतो. पहिला आकडा उजेडाचा असेल, दुसरा लाल रंगाचा, तिसरा हिरव्याचा, असे.

दवंडीवाला उत्तराची वाट पाहत नाही. मूळ डीएमएक्समध्ये दिव्याकडून कन्सोलकडे काहीही परत येत नाही. तार तुटलेली असो वा दिवा बंद असो, कन्सोलच्या पडद्यावर सर्व काही आलबेल दिसते. म्हणून बिघाड शोधताना पडद्याकडे टक लावून बसण्यात अर्थ नसतो, शिडी घेऊन दिव्यांपाशी जावे लागते.

सोळाचे गणित

सर्वाधिक आढळणारा दोष सर्वांत स्वस्त आहे, तो म्हणजे पत्त्याचा. फिरत्या दिव्यांना सहसा दोन-तीन मोड असतात. एकच दिवा एका मोडमध्ये १६ चॅनल घेतो तर दुसऱ्यात २०. समजा, कन्सोलवर १६ चॅनलच्या हिशेबाने दिवे मांडले. पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३. यांतील पहिला दिवा चुकून २० च्या मोडवर राहिला असेल, तर तो १ ते २० हे आकडे उचलेल. त्यातील १७ ते २० हे आकडे वास्तविक दुसऱ्या दिव्याचे. मग दुसऱ्याची मान वळवली की पहिल्याचाही काहीतरी भाग हलतो आणि ऑपरेटर दुसऱ्या दिव्यात भूत शोधत बसतो. शिवाय १६ च्या मोडमध्ये एका युनिव्हर्सवर बरोबर ३२ दिवे बसतात, २० च्या मोडमध्ये फक्त २५. सव्विसाव्याला दुसरे युनिव्हर्स लागते.

मोड जुळला तरी क्रम जुळेलच असे नाही. एका बनावटीच्या एलईडी पारमध्ये पहिला चॅनल एकूण उजेडाचा असतो आणि लाल रंग दुसऱ्यावर. दुसऱ्या बनावटीत लाल पहिल्यावरच येतो. दोन्ही दिवे एकाच रांगेत टांगले आणि कन्सोलमध्ये एकाच जातीचे समजून मांडले, तर लाल मागितल्यावर एक लाल होईल आणि दुसरा पिवळा. काही दिव्यांत शटरचा स्वतंत्र चॅनल असतो आणि त्याचा आकडा शून्य असेल तर बाकी सगळे चॅनल पूर्ण उचलूनही दिवा काळाच राहतो. अनेक ‘मेलेले’ दिवे असे जिवंत निघतात. कन्सोलमध्ये दिव्याची जी ओळख-फाइल निवडायची, ती दिव्याच्या पुस्तिकेशी पडताळून घेणे हाच याला उपाय. पुस्तिका हरवली असेल, तर दिव्याला तात्पुरता पत्ता १ देऊन एकेक चॅनल हळूहळू वर न्यावा आणि काय होते ते वहीत लिहावे. दहा मिनिटांत त्या दिव्याची कुंडली तयार होते.

आपल्याकडचा आणखी एक खास प्रकार आहे. नाटकाच्या आदल्या रात्री हेच दिवे एखाद्या वरातीत किंवा डीजेवर नाचलेले असतात. तेथे ते ‘ऑटो’ वा ‘साऊंड’ मोडवर ठेवलेले असतात, म्हणजे कन्सोलविना स्वतःच्या मनाने रंग बदलणारे. स्वस्तातील अनेक दिवे या मोडमध्ये स्वतःच म्होरक्या बनतात आणि मागून जोडलेल्या दिव्यांना आज्ञा सोडू लागतात. असा एक दिवा साखळीत राहिला तर एकाच तारेवर दोन दवंडीवाले ओरडू लागतात. परिणामी सगळी रांग थरथरते. लग्नातून आलेल्या प्रत्येक दिव्याचा मेनू टांगण्यापूर्वी, जमिनीवर असतानाच, उघडून पाहावा. वर चढवल्यानंतर तो पाहायला कोणी चढत नाही.

तार साधी नव्हे

पत्ते बरोबर आहेत, तरीही दिवे लुकलुकतात; तेव्हा तारेकडे वळावे. ध्वनिवाल्याकडील माइकची तार डीएमएक्सच्या सॉकेटमध्ये नेमकी बसते आणि तिथेच घोटाळा होतो. मानकाप्रमाणे डीएमएक्सला पाच पिनांचा जोड हवा. बाजारातील बहुसंख्य दिव्यांना मात्र माइकसारखाच तीन पिनांचा जोड असतो. माइकची तार आवाजाच्या मंद लहरींसाठी बनवलेली, तर डीएमएक्सचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट. त्यासाठी १२० ओहम गुणधर्माची पिळाची तार लागते. माइकच्या तारेवर दहा मीटर अंतरात चार दिवे बिनतक्रार चालतील, पण चाळीस मीटरवर तेच दिवे पिसाटतील. सायंकाळच्या तपासणीत पास झालेली तार रात्री नापास होते, कारण थंडीच्या दिवसांत धानाच्या शेतालगतच्या मैदानावर पडणारे दव जोडांमध्ये उतरते. जमिनीवरचे जोड विटेवर उचलून प्लॅस्टिकने झाकण्याची सवय म्हणूनच चांगली.

जुन्या काही उपकरणांत दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेची अदलाबदल असते. असा दिवा साखळीत आला तर तो एकटाच चुकतो, पुढचे ठीक चालतात. त्याला उलटी जोडलेली छोटी तार द्यावी आणि त्या तारेवर ठळक खूण करावी. अन्यथा दुसऱ्या दिवशी ती नेमकी चांगल्या दिव्याला लागते.

साखळीच्या शेवटी टर्मिनेटर लावण्याची शिस्त बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. हा म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेमध्ये जोडलेला १२० ओहमचा एक रोधक, चहाच्या कपाएवढ्या किमतीचा. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी परत येतो आणि पुढची हाक त्यात मिसळते. तारेच्या मोकळ्या टोकावरून संदेश तसाच परत फिरतो. टर्मिनेटर तो तेथेच गिळून टाकतो. ‘आमचे त्याविना चालते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांचे म्हणणे लहान साखळीपुरते खरेही असते. पण दिवे वाढले, तार लांबली की नेमका शेवटचा अंक बिघडतो.

तारेचे दोन फाटे करण्यासाठी दोन जोड एकत्र पिळून टाकणे हा आणखी एक घातक उद्योग. फाटे हवे असतील तर स्प्लिटर नावाची पेटी वापरावी. एका साखळीवर ३२ हून अधिक उपकरणे नकोत, आणि एका सलग तारेची लांबी साधारण ३०० मीटरच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे.

या सर्वांची परीक्षा एका साध्या मल्टिमीटरने होते. दिव्यांचा वीजपुरवठा बंद करून कन्सोलकडील टोक सोडवावे आणि त्या टोकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिनेमधील रोध मोजावा. शेवटी टर्मिनेटर लावलेला असेल तर काटा १२० ओहम किंवा त्याहून थोडा कमी दाखवतो. साठच्या आसपास आकडा आला तर दोन टर्मिनेटर लागले आहेत असे समजावे. काही दिव्यांत तो आतच असतो आणि त्याचे बटण चालू राहून गेलेले असते. शून्याजवळ आला तर कोठेतरी दोन तारा चिकटल्या आहेत. आकडाच आला नाही तर साखळी तुटली आहे. मग मधल्या दिव्यापाशी जाऊन पुन्हा मोजायचे. असे अर्धे अर्धे करीत गेले की वीस दिव्यांच्या रांगेतील तुटकी तार चार-पाच मापांत हाती लागते.

जनित्राची रात्र

विजेचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. मोठ्या मंडपात दिवे आणि ध्वनी जनित्रावर चालतात. कधी अर्धा भार गावच्या लाइनवर आणि अर्धा जनित्रावर टाकलेला असतो. दोन्हीकडील अर्थिंगमध्ये फरक असेल तर तो फरक डीएमएक्सच्या बारीक तारेतून वाट काढतो. त्यात प्रथम बळी जातो तो कन्सोलच्या बाहेर पडणाऱ्या टोकावरील आठ पायांच्या छोट्या चिपचा. ७५१७६ या क्रमांकाची किंवा तिच्या जातीची ही चिप दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. ती जळली की कन्सोल पडद्यावर ठणठणीत आणि तारेवर मुका. कन्सोलला दुसरे डीएमएक्स टोक असेल तर त्या रात्रीपुरते तिकडे जाता येते. कायमचा उपाय म्हणजे मधे प्रकाशीय विलगतेचा स्प्लिटर लावणे. त्यात संदेश आतल्या आत प्रकाशाच्या ठिणगीने पलीकडे जातो, वीज जात नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. ध्वनीत घरघर आली किंवा दिवे लुकलुकू लागले की काही ठिकाणी विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. त्याने घरघर थांबतेही. पण लोखंडी मनोऱ्यावर टांगलेला दिवा, दवाने ओली झालेली जमीन आणि अनवाणी कलावंत यांच्यामध्ये तीच पिन उभी असते. संदेशाचा दोष विजेच्या तारेत दुरुस्त करण्याचा हा मार्ग कोणीही, एका प्रयोगापुरतादेखील, अवलंबू नये.

याच ओघात दुसरी गल्लत. जुन्या हॅलोजनसाठी बसवलेल्या डिमरमधून एलईडी दिव्याला वीज देऊ नये. डिमर वीज कापून उजेड कमी करतो, तर एलईडी दिव्याला आत स्वतःचे पॉवर सप्लाय असते आणि त्याला पूर्ण वीज लागते. कापलेल्या विजेवर तो थरथरतो, तापतो आणि काही प्रयोगांनी जातो.

तारेकडून नेटवर्ककडे

फिरते दिवे वाढले की एका युनिव्हर्सने भागत नाही. तीन-चार युनिव्हर्सच्या तीन-चार तारा प्रेक्षकांमागील कन्सोलपासून रंगमंचापर्यंत ओढण्याऐवजी संगणकाच्या नेटवर्कची एक तार ओढायची आणि रंगमंचाशी ‘नोड’ नावाच्या छोट्या पेटीत तिचे पुन्हा डीएमएक्समध्ये रूपांतर करायचे, ही पद्धत आता जिल्ह्याच्या ठिकाणी रुळू लागली आहे. नेटवर्कवरील भाषा मुख्यतः दोन. लंडनच्या एका कंपनीने १९९८ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली आर्ट-नेट, आणि २००९ मध्ये अमेरिकेचे मानक झालेली एसएसीएन. यांखेरीज मोठ्या कन्सोल कंपन्यांच्या खासगी भाषा आहेतच. त्या दुसऱ्या कंपनीच्या नोडला कळत नाहीत. कन्सोल आर्ट-नेट बोलत आहे आणि नोड एसएसीएन ऐकत बसला आहे, एवढ्या साध्या कारणाने संध्याकाळ वाया जाऊ शकते.

नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता असतो आणि सबनेट मास्क नावाचा आकडा त्याची वस्ती ठरवतो. एका वस्तीतील दोघेच परस्परांशी थेट बोलतात. आर्ट-नेटची मूळ प्रथा २ किंवा १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांची, मास्क २५५.०.०.०. घरगुती राउटर मात्र १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. कन्सोल २.०.०.१ वर आणि नोड १९२.१६८.१.५० वर असेल, तर तार उत्तम, हिरवे दिवे लुकलुकत आहेत, तरी दोघांची गाठ पडत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर उपकरणाला कोणी पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला आहे असे समजावे. प्रत्येक उपकरणाला हाताने कायमचा पत्ता देणे आणि तो त्याच्या अंगावर चिकटपट्टीने लिहिणे, हा मंडपातील सर्वांत शहाणा मार्ग. अर्थात एकच पत्ता दोघांना दिला जाणार नाही, हे पाहून.

लॅपटॉपवर कन्सोलची प्रणाली चालवणाऱ्यांचे दुखणे आणखी निराळे. लॅपटॉपचे वायफाय चालू राहिले की प्रणाली कधी कधी संदेश तारेऐवजी वायफायकडे सोडते. विंडोजचा फायरवॉल तो अडवतो. काही प्रणाली तर कंपनीचे स्वतःचे उपकरण जोडल्याशिवाय बाहेर काही सोडतच नाहीत, पडद्यावर मात्र सगळे धावताना दिसते. वायफाय बंद, नेटवर्क कार्ड कोणते ते प्रणालीत निवडलेले, फायरवॉलमध्ये त्या प्रणालीला मुभा दिलेली, एवढे तपासून मगच नोडला दोष द्यावा.

एक अंकाची चूक ही या क्षेत्रातील जुनी खोडी आहे. आर्ट-नेटमध्ये युनिव्हर्सची मोजणी शून्यापासून होते, एसएसीएनमध्ये एकपासून. कन्सोल पडद्यावर ‘१’ दाखवतो आणि प्रत्यक्षात आर्ट-नेटचे शून्य पाठवतो, असे अनेकदा असते. नोडवर १ लिहिले की पहिल्या युनिव्हर्सचे दिवे गप्प आणि दुसऱ्याचे आकडे पहिल्याच्या दिव्यांत. उपाय एवढाच की एक दिवा पूर्ण उजेडावर ठेवून नोडचा आकडा एकाने मागेपुढे करून पाहावा.

ठरावीक वेळाने जाणारा उजेड हा सर्वांत गोंधळात टाकणारा. एसएसीएन आपले संदेश ज्यांना हवेत त्यांच्याच गटाला पाठवते. काही महागड्या स्विचमध्ये या गटांची नोंद ठेवण्याची सोय चालू असते, पण ‘अजून ऐकता आहात ना’ असे अधूनमधून विचारणारा कोणी नेटवर्कवर नसतो. मग चार-पाच मिनिटांनी स्विच समजतो की कोणीच ऐकत नाही, आणि दार लावून घेतो. नांदीला दिवे छान, पहिला प्रवेश रंगात आला की अंधार. नोड बंद करून पुन्हा चालू केला की पुन्हा चार-पाच मिनिटे चालते, त्यामुळे संशय नोडवर पक्का होतो. लहान मंडपासाठी अशा सोयी नसलेला साधा स्विच हा या महागड्या स्विचहून भरवशाचा ठरतो, हे सांगितले तर विक्रेत्याला आवडणार नाही. साधा राउटर स्विचसारखा वापरायचा असेल तर इंटरनेटसाठी राखलेल्या वेगळ्या रंगाच्या सॉकेटमध्ये नोडची तार घालू नये. तारेचा एक तुकडा १०० मीटरच्या पलीकडे नेऊ नये.

मुख्य कन्सोल बिघडला तर म्हणून दुसरा कन्सोल त्याच नेटवर्कवर जोडून ठेवण्याची पद्धत आहे. दोन्ही एकाच युनिव्हर्सवर बोलू लागले तर नोडपुढे प्रश्न पडतो. काही नोड दोन्हींपैकी मोठा आकडा घेतात, काही शेवटचा आलेला, काही दोघांत हेलकावतात. एसएसीएनमध्ये त्यासाठी ० ते २०० असा अग्रक्रम असतो आणि तो न बदलल्यास १०० राहतो. राखीव कन्सोलला ९० दिले की मुख्य बोलत असेपर्यंत तो गप्प राहतो.

बिनतारी आणि बोलके दिवे

तार टाळण्यासाठी बिनतारी डीएमएक्सच्या छोट्या डब्या मिळतात. त्यांपैकी पुष्कळ वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात. दुपारी रिकाम्या मैदानात त्या उत्तम चालतात. रात्री हजारो माणसे खिशात फोन घेऊन कन्सोल आणि रंगमंच यांच्यामध्ये बसली की त्याच डब्या अडखळतात. माणसांच्या शरीरातील पाणीही या लहरी शोषते. रंगमंचाच्या मुख्य उजेडाचा भार त्यांच्यावर टाकू नये. टाकायचाच असेल तर डबी माणसांच्या डोक्यांहून उंच बांधावी.

२००६ मध्ये आरडीएम नावाची सोय मानक झाली. तिच्यामुळे त्याच तारेवरून दिवा कन्सोलला उत्तर देऊ शकतो, आपला पत्ता आणि मोड सांगू शकतो. चांगल्या सामानावर ती वरदान आहे. परंतु स्वस्तातील काही दिवे या संदेशांना उजेडाचे आकडे समजतात आणि ठरावीक लयीत लुकलुकतात. जुने एकतर्फी स्प्लिटर उत्तरे परत येऊ देत नाहीत. रांगेत मिश्र सामान असेल आणि लुकलुक थांबत नसेल, तर कन्सोल व नोड दोन्हींवर आरडीएम बंद करून पाहावे.

रात्री दहाच्या आधी

लक्षण नीट पाहिले तर जागा बरीचशी कळते. सगळेच दिवे मुके असतील तर संशय कन्सोलचे टोक, पहिली तार किंवा युनिव्हर्सचा क्रमांक यांवर. सातव्या दिव्यापासून पुढचे मुके असतील तर सहावा दिवा आणि त्याच्या पुढची तार. एकच दिवा वेडावाकडा वागत असेल तर पत्ता किंवा मोड. सगळेच थरथरत असतील तर टर्मिनेटर, अर्थिंग, दुसरा दवंडीवाला किंवा आरडीएम. सुरुवातीला चालून मग थांबत असतील तर स्विच, आणि गर्दी झाल्यावर बिघडत असतील तर बिनतारी डबी.

शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईत तार, पत्ता आणि कन्सोल तिन्ही बदलले आणि दिवे लागले, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि तो उद्याच्या गावी सोबत येतो. भरवशाचा एक दिवा आणि भरवशाची पाच मीटर तार वेगळी ठेवावी. कन्सोलच्या बाहेर तीच जोडून पाहिली की कन्सोलचा दोष आहे की पुढचा, याचा निकाल मिनिटात लागतो. नंतर तोच दिवा नोडच्या टोकाला, मग साखळीच्या मध्यावर.

प्रयोग सुरू झाल्यावरचे धोरण मात्र वेगळे असावे. बहुतेक दिव्यांच्या मेनूत ‘संदेश तुटल्यास काय करावे’ असा पर्याय असतो: काळे व्हावे, स्वतःच्या मनाने नाचावे किंवा शेवटची स्थिती धरून ठेवावी. नाटकासाठी तिसरा पर्याय निवडलेला असावा. तार तुटली तरी प्रवेश त्याच उजेडात पुढे जातो. शिवाय समोरून पडणारे दोन-चार जुने हॅलोजन साध्या खटक्यावर, नेटवर्कपासून पूर्ण अलग ठेवलेले असावेत. जुन्या मंडळींचा या हॅलोजनांवरील जीव नव्या ऑपरेटरांना हास्यास्पद वाटतो. पण रात्री दोन वाजता नोड बंद पडला, तर कलावंताचा चेहरा त्यांच्याच उजेडात दिसतो आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक जागा सोडत नाही.

पेन ड्राइव्हवर आणलेल्या प्रकाशयोजनेचेही असेच. एका कंपनीच्या कन्सोलवर जतन केलेला प्रयोग दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर उघडत नाही. त्याच कंपनीच्या जुन्या आवृत्तीवर नव्या आवृत्तीतील फाइलही सहसा उघडत नाही. नाटकाचा दिग्दर्शक आज एका गावी एक कन्सोल आणि उद्या दुसऱ्या गावी दुसरा अशा स्थितीत असेल, तर कोणत्या संवादावर कोणता उजेड याची कागदावरील यादी पेन ड्राइव्हपेक्षा अधिक उपयोगी पडते. सामान देणाऱ्यांनी दिव्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक तक्ता चिकटवावा: दिव्याचा मोड, चॅनलचा क्रम, सध्याचा पत्ता. ऐनवेळी मागवलेल्या दिव्यांसोबत हा तक्ता आला तर अर्धे काम ट्रकमधून उतरतानाच झालेले असते.

पहाटे नाटक संपते, मंडप रिकामा होतो आणि तारा गुंडाळण्याची घाई सुरू होते, कारण ट्रकला पुढचे गाव गाठायचे असते. रात्री दगा दिलेली तार चांगल्या तारांच्या ढिगात जाते ती याच वेळी. अनुभवी माणसे अशा तारेच्या दोन्ही टोकांना तेथल्या तेथे एकेक गाठ मारून ठेवतात आणि गाठीची तार डाग लावून दुरुस्त होईपर्यंत पेटीत परत टाकत नाहीत.